सावली कुणी लांबवली?

१

मंगळवारी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची नमाज संपली. शंभर-सव्वाशे माणसं आपापल्या वहाणा मागायला माझ्याभोवती गोळा झाली. आणि नेमकं तेव्हाच खाली दमास्कस शहरातून, मोठ्या मशिदीच्या मनोऱ्यावरून, असरची अजान ऐकू आली.

सगळे जागच्या जागी थिजले. कुणाचा एक पाय वहाणेत, एक हवेत. दीब भटारी तर बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला आणि, खोटं सांगत नाही, अजान संपेपर्यंत तसाच होता.

"अबू नअल," तो मला म्हणाला, "असर आत्ता होतेय? मग आपण मघाशी पढलो ते काय होतं?"

"व्यायाम," मी म्हणालो.

कोणीच हसलं नाही. वेळेआधी पढलेली नमाज पढलेली धरतच नाहीत. आणि एकट्यादुकट्याची नव्हे, कासियून डोंगराच्या उतारावरच्या आमच्या अख्ख्या मोहल्ल्याची नमाज चांगली घटकाभर आधी उरकली होती. मी सफसाफ मशिदीच्या दाराशी चाळीस वर्षं वहाणा सांभाळल्या. भूकंप पाहिला, टोळधाड पाहिली, पण लोकांचे चेहरे असे उतरलेले पाहिले नव्हते.

सगळ्यांच्या माना अंगणाकडे वळल्या. तिथे बद्रान उभा होता. विधवेचा एकुलता एक मुलगा, वय चोवीस, अंगानं बोरूसारखा. नमाजाच्या वेळा ठरवणारे आमचे म्हातारे शेख वजीहुद्दीन हजला गेले होते आणि जाताना काम याच्यावर सोपवून गेले होते. आणि या मंगळवारीच काझीसाहेबांनी त्याला मानाचा झगा आणि पागोटं पाठवलं होतं. झगा टाचांत अडकत होता. पागोट्याला तीस हात मलमल लागली असेल; आमचा घुमट त्याच्यापुढे जरा लाजल्यासारखा दिसत होता.

"मी मोजली," बद्रान म्हणाला. "माझ्या पावलांनी मोजली. दहा भरली. देवाशपथ, दहा!"

आता हे मोजणं काय ते सांगतो. शेखसाहेबांचं वेळ मोजायचं पितळी यंत्र त्यांच्यासोबत मक्केला गेलेलं. भिंतीवरच्या सूर्यतबकडीची काडी गारपिटीत मोडलेली. राहिली ती वाडवडिलांची रीत. प्रत्येक माणूस स्वतःच्या पावलांनी सात पावलं उंच असतो. उन्हात उभं राहायचं, सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा आणि टाचेला अंगठा लावत तिथपर्यंत जायचं. त्या महिन्यात भर दुपारी सावली पडते तीन पावलं. तिच्यात उंचीची सात मिळाली, दहा झाली, की असर.

"काल बरोबर होती," दीब म्हणाला. "आज भर दुपारची जोहरसुद्धा बरोबर होती. मग असरलाच तुझी सावली कुणी ओढून लांब केली रे?"

तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "तिकडे हमामाकडे बघा!"

२

हमामाच्या, म्हणजे मोहल्ल्याच्या न्हाणीघराच्या, दारातून आमच्या बायका बाहेर पडत होत्या. केस ओले, मेंदी अर्धवट, आणि तोंडं चालू. आत शिरत होती एका नवरदेवाची वरात, डफ वाजवत.

आमच्याकडे असरच्या अजानपर्यंत हमाम बायकांचा, पुढे पुरुषांचा. त्या दिवशी नवरदेव लवकर येऊन ताटकळत बसला होता. हमामाची मालकीण उम्म जुंदुब घामाघूम झाली होती. मग अजान झाली, घटकाभर आधी, आणि तिचं काम झालं.

"वा!" गर्दीतला एकजण म्हणाला. "आणि सकाळी तिच्याकडून बद्रानच्या घरी साबणाच्या सात वड्या गेल्या. मी डोळ्यांनी पाहिल्या."

बस. सात वड्यांच्या संध्याकाळपर्यंत सत्तर झाल्या. रात्री जेवताना मी ऐकलं तेव्हा साबणाचा उंट होता.

बुधवारी काझीसाहेबांचा नायब परीक्षा घ्यायला आला. आरोपीला बोडका उभा करतात, तसा बद्रानला त्यानं अंगणात उभा केला. झगा-पागोटं बासनात बांधून ठेवलं. "मोज," म्हणाला. बद्राननं मोजली. दहावं पाऊल खड्याला टेकलं, त्यानं हात वर केला, आणि त्याच क्षणी खालून मोठ्या मशिदीची अजान सुरू झाली.

माझ्या तोंडून "शाबास!" निघून गेलं. मला वाटलं, सुटला.

नायबानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "म्हणजे याला मोजता येतं," तो म्हणाला. "येत नसतं तर अडाणी म्हणून सोडला असता. येतं, तरी काल चुकला. म्हणजे चुकला नाही, विकला गेला. शुक्रवारी नमाजानंतर काझीसाहेब येतील. गाढव तयार ठेवा."

गाढवाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. उलटं बसवतात, गाढवाच्या शेपटीकडे तोंड करून, गळ्यात घंटा बांधून, गल्लीगल्लीतून धिंड. त्यानंतर माणूस जगतो, पण त्या मोहल्ल्यात नाही.

बरोबर मोजलं म्हणून फासात अडकलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

३

गुरुवारी सकाळी बद्रानची आई सित्त शुहदाच्या दारी आली. मीही तिथेच होतो. बाईंच्या वहाणा शिवून आणल्या होत्या.

सित्त म्हणजे बाई; शुहदा ही शेख वजीहुद्दीनची मुलगी. पस्तिशीची, विधवा, बोटांना कायम पितळेचा कीस लागलेला. बापाची निम्मी यंत्रं तिच्या हातची होती, आणि बाप ते चारचौघांत सांगायचासुद्धा. म्हणूनच मला ते म्हातारं आवडायचं.

"मुलाला सोडवा असं म्हणत नाही मी," बद्रानची आई म्हणाली. तिचा चरख्यावर घासून गुळगुळीत झालेला हात ओढणीत लपलेला होता. "त्यानं केलं असेल तर भोगेल. फक्त ते गाढव आमच्या गल्लीतून नेऊ नका म्हणावं काझींना. मी दार लावून घेईन, पण घंटा ऐकू येणारच ना."

"खाला, त्यानं केलंय असं वाटतं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"तो खोटं बोलायला लागला की कान खाजवतो. लहानपणापासून. परवापासून एकदाही खाजवला नाही." तिनं डोळे पुसले. "पण काझींना कानाचं काय सांगणार मी?"

बाईंनी हातातली कानस खाली ठेवली. "अबू नअल, चल."

"मी? मी कशाला?"

"बायकांशी मी बोलेन, पुरुषांशी तू बोल, मी पडद्याआडून ऐकेन. आणि शिवाय तूसुद्धा संशयित आहेस."

"मी?"

"वहाणा तुझ्या ताब्यात. त्याच्या पायात कुणी आखूड वहाणा सरकवल्या, तर पावलं जास्त भरतील की नाही?"

मला घाम फुटला. मग आठवलं. "अहो, तो अनवाणी मोजतो! सगळे अनवाणीच मोजतात!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुझा चेहरा बघायचा होता."

४

उम्म जुंदुब आम्हाला बघताच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"साबण दिला. दिला, दिला, दिला! बद्रानच्या आईला मानाचा झगा मिळणार, म्हणजे तिच्या मुलाला, हे सकाळीच सगळ्यांना कळलं होतं. मी साबण दिला, दीबनं भाकऱ्या दिल्या, या थेरड्यानं," म्हणजे मी, "हिरवे बदाम दिले, अर्धे वाटेत खाऊन. मग आम्ही सगळ्यांनीच लाच दिली की!"

"पण फायदा तुझा झाला," मी म्हणालो.

"कसला फायदा? तीस बायका न्हाणं अर्धवट टाकून बाहेर निघाल्या. तीस! परवापासून एकही फिरकलेली नाही. नवरदेव एकदाच येतो रे बाबा. बायका दर आठवड्याला येतात."

हे खरं होतं. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "जिचा धंदा बुडतो ती लाच देत नाही."

दीब भटाऱ्यालाही विचारलं. तो तंदूर भरून असरच्या अजानबरोबर भाकऱ्या काढतो. त्या दिवशी काढल्या त्या कच्च्या. "माझ्या कुत्र्यानंसुद्धा तोंड फिरवलं," तो म्हणाला. याचाही फायदा नाही.

राहिला हमदान, आमचा मुअज्जिन. आमच्याकडे अजान द्यायला आंधळा माणूस बघूनच ठेवतात. मनोऱ्यावरून खालच्या घरांची अंगणं दिसतात. डोळस माणूस वर चढला की बायका कुरकुरतात. हमदानला दिसत नाही, म्हणून वेळ झाली की खालून दोरी ओढायची. दोरीचं टोक त्याच्या मनगटाला.

"हमदानकाका," पडद्याआडून बाईंनीच विचारलं, "दोरी नक्की बद्राननंच ओढली?"

"त्यानंच, पोरी. दोन हिसके, मग थांबून एक. तो मनातल्या मनात बिस्मिल्ला म्हणतो ना, म्हणून थांबतो. दुसरा कुणी असा ओढत नाही."

"आधी काही वेगळं ऐकलंत?"

हमदान हसला. "वेगळं म्हणजे, दोरी मनोऱ्याच्या पायथ्याच्या कोनाड्यात आहे ना, त्या कोनाड्याचं दार बुटकं. पण बद्रान त्यातून न वाकता जातो. दार आणि तो बरोब्बर. रोज पावलं येतात, न थांबता आत जातात. मंगळवारी दाराशी धप्प झालं."

"डोकं आपटलं?"

"छे! मी आंधळा आहे, बहिरा नाही. डोकं आपटलं की टक्क वाजतं. हे उशी भिंतीवर मारल्यासारखं वाजलं. आणि तो 'अरेच्चा' म्हणाला."

मला वाटलं, म्हातारा बरळतोय. पण बाई एवढंच म्हणाल्या, "अबू नअल, मला बद्रानला एक प्रश्न विचारायचाय. एकच."

५

बद्रानला मशिदीच्या सामानाच्या खोलीत ठेवलं होतं, माझ्याच पहाऱ्यात. जेवण तसंच पडलेलं.

"ताई, शेख मला काय म्हणतील?" त्यानं दाराआडूनच विचारलं. "त्यांनी काडी मोडलेली तबकडी आणि मी, दोघांना एकत्र सोडून जायला नको होतं."

"ते राहू दे. एवढंच सांग: झगा आणि पागोटं तुला कधी मिळालं? कोणत्या नमाजाच्या वेळेला?"

"मंगळवारी. जोहरची नमाज झाल्यावर. काझींचा माणूस आला, त्यानं इथेच सगळ्यांसमोर घातलं. असरपर्यंत मी ते उतरवलंच नाही, ताई. आईला दाखवायला घरी पळत गेलो आणि पळत परत आलो."

"आणि त्याआधी डोक्यावर?"

"ही." त्यानं फटीतून हात बाहेर काढला. हातात सुती टोपी होती, धुऊन धुऊन कांद्याच्या सालीसारखी पातळ झालेली.

सित्त शुहदा हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की भिंतीला टेकल्या.

"मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण हे काझींना सांगायचं कसं? अबू नअल, अरे, मी तोंड उघडलं तर अपमान काझींचाच होईल."

६

शुक्रवारी नमाजानंतर अंगणात मुंगीला जागा नव्हती. दाराबाहेर गाढव उभं होतं, गळ्यात घंटा. काझीसाहेब चौरंगावर बसले होते. माणूस भला, पण त्यांचं पागोटं! बद्रानचं पागोटं त्या पागोट्याचं नातवंड शोभलं असतं.

साक्षी झाल्या. उम्म जुंदुब तीनदा रडली, चारदा भांडली. दीबनं कच्ची भाकरी पुरावा म्हणून आणली होती. होता होता सूर्य कलला.

तेव्हा बायकांच्या बाजूनं सित्त शुहदांचा आवाज आला. "काझीसाहेब, शिक्षेआधी एक विचारू? असर झाली का हो?"

काझींनी वर पाहिलं. "अजून अवकाश आहे."

"आपल्याच पावलांनी एकदा मोजाल का?"

लोक कुजबुजले. काझींच्या कपाळावर आठी आली. पण शेख वजीहुद्दीनची मुलगी. तिच्या बापाच्या वेळेवर हे स्वतः पंचवीस वर्षं नमाज पढलेले. ते उठले, जोडे काढले, उन्हात उभे राहिले. सावलीच्या टोकाशी खडा मी ठेवला. त्यांनी पावलं टाकली. आठ. नऊ. दहा. पुढे आणखी अर्धं.

काझींचा चेहरा उतरला. "साडेदहा? असर होऊन गेली?"

खालचं शहर गप्प होतं. मोठ्या मशिदीचा आवाज नाही.

"अबू नअल," बाई म्हणाल्या, "तो बोरू रोव."

बाईंनी सकाळीच माझ्याकडे दिलेला बोरू मी रोवला. त्यावर बाईंनी सारख्या अंतरावर सात खुणा केल्या होत्या. तशाच खुणांच्या दोरीनं सावली मोजली. आठ. कशीबशी आठ.

"ऊन एकच," बाई म्हणाल्या, "अंगण एकच, घटका एकच. बोरूनं मोजलं तर असर व्हायला वेळ आहे. काझीसाहेबांनी मोजलं तर असर होऊन गेली. दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

काझींना खोटं म्हणायची छाती कुणाची? नायबानं तर डोळेच मिटले.

काझी मात्र बोरूकडे बघत होते. मग जमिनीवरच्या स्वतःच्या सावलीकडे. सावलीला खांदे होते, मान होती, आणि मानेवर कलिंगडाएवढा गोळा. मग त्यांनी दोन्ही हात वर नेले आणि भर अंगणात, शेकडो लोकांसमोर, पागोटं उतरवून माझ्या हातात दिलं.

काझीचं बोडकं डोकं मी जन्मात पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. गुळगुळीत होतं. मला वाटतं, त्या दिवशी अंगणात उजेड थोडा वाढलाच.

त्यांनी पुन्हा मोजलं. आठ.

"काय झालं?" मनोऱ्यावरून हमदान ओरडत होता. "अरे, कुणी सांगेल का काय झालं?"

"माणूस सात पावलं उंच असतो," सित्त शुहदा आता अगदी हळू बोलत होत्या. "पागोट्यासकट नव्हे. साधं मुंडासं चार बोटं वर जातं. चार बोटांनी कुणाची नमाज बुडत नाही. बद्रानचं पागोटं त्याच्या दीड पावलाएवढं आहे. सावली त्याची साडेआठ पावलं उंच माणसाची पडली, मोजली त्यानं सात पावलं उंच माणसाची समजून. जोहर चुकली नाही. तेव्हा टोपी होती, आणि जोहरला लांबी नव्हे, सावली परत वाढायला लागणं बघतात. सोमवार चुकला नाही, तेव्हाही टोपीच. बुधवारी चुकला नाही, कारण नायबसाहेबांनी पागोटं काढून घेतलं होतं. मंगळवारी असरलाच ते डोक्यावर होतं. रोज ज्या दारातून सरळ जातो, त्या दारात ते अडकून धप्प वाजलं, हे हमदानकाकांनी ऐकलंय. माणूस जन्मभर टोपी घालतो, काझीसाहेब. डोक्यावर एकदम मान आला, तर तो जमेत धरायचं विसरला. एवढंच."

बद्राननं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

काझी चौरंगावर बसले. बोडकेच.

"पागोटं कुणी पाठवलं होतं?" त्यांनी नायबाला विचारलं.

नायब खाली बघायला लागला. "आपण, साहेब."

"किती हात मलमल?"

"आपण म्हणालात, शोभलं पाहिजे."

७

काझींनी निकाल दिला. लाच नाही. गुन्हा नाही. काम बद्रानकडेच राहील. "पण चूक झाली आहे," ते म्हणाले, "आणि मंगळवारची असरची नमाज साऱ्या मोहल्ल्याला पुन्हा पढावी लागेल. जे आज इथे नाहीत, म्हातारे, आजारी, घरात बसून पढणाऱ्या बायका, त्यांना घरोघर जाऊन सांगायला हवं. कोण सांगेल?"

"मी," बद्रान म्हणाला. "चूक माझी आहे. मीच सांगतो."

"मोहल्ला मोठा आहे. तीन दिवस तू जेवलेला नाहीस." काझींनी दाराकडे पाहिलं. "गाढव आणलेलंच आहे. बस त्याच्यावर. सरळ बस."

नायब घंटा सोडायला धावला. काझींनी हातानं थांबवलं. "राहू दे. लोकांना बाहेर बोलवायला उपयोगी पडेल."

त्या दिवशी आम्ही सगळेच मागोमाग निघालो. बद्रान दर दाराशी थांबायचा आणि ओरडायचा, "मंगळवारची असर पुन्हा पढा हो! चूक माझी, बद्रानची! माफ करा!" पहिल्या चार दारांशी त्याचा आवाज फुटत होता. पाचव्या दाराशी एक आजी म्हणाली, "पढते रे बाळा, ओरडू नकोस, घसा बसेल." पुढे त्याचा आवाज मोकळा झाला. उम्म जुंदुबनं हमामाच्या दारातून ओरडून सांगितलं, "बायकांनो, परत या, उरलेली मेंदी फुकट!" दीब माझ्या कानाशी भुणभुणत होता की भाकऱ्यांचं पीठ कोण भरून देणार, मी बहिऱ्याचं सोंग घेतलं.

मग विणकरांची गल्ली आली. तिच्या टोकाला बद्रानचं घर. दार आतून घट्ट लावलेलं. घंटेचा आवाज गल्लीत शिरला आणि मी पाहिलं, दाराची वरची फट, जिच्यातून उजेड येत होता, तीसुद्धा कुणीतरी आतून कापड लावून बुजवली.

बद्राननं लगाम खेचला. त्याला पुढे जाववेना.

"चल," सित्त शुहदा म्हणाल्या. "ओरड."

"मंगळवारची असर पुन्हा पढा हो!" तो ओरडला. "चूक माझी..."

फटीतलं कापड हललं, मग निघालं. त्या फटीतून बाहेर बघणाऱ्या बाईला आधी गाढवाचे कान दिसले असतील. धिंड असती, तर कानांमागून पाठ आली असती.

अडसर निघाल्याचा आवाज झाला. ती उंबऱ्यात उभी होती, अनवाणी, एका हातात अजून चरख्याची चाती. कानांमागून तिच्या मुलाचं तोंड येत होतं.